चिंताग्रस्त मुलासाठी घरात कुत्रा आणताना

ज्या घरातले मूल शाळेची वेळ झाली की पोट दुखते म्हणून अंथरुणात तोंड लपवते, रात्री एकटे झोपायला तयार होत नाही किंवा अनोळखी माणसासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या घरात कधी ना कधी कुत्रा आणण्याचा विचार पुढे येतो. कोणीतरी सांगते की आमच्या भाच्याला फार फरक पडला, कुत्र्याच्या सहवासाने ताण हलका होतो असे कुठेतरी वाचनात येते, आणि मूल तर बरेच दिवस पिल्लासाठी मागे लागलेलेच असते. हा विचार अजिबात चुकीचा नाही. त्यामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आणि काही चांगले संशोधन आहे. मात्र तोच कुत्रा एका मुलाला धीट करतो आणि दुसऱ्या मुलाच्या भीतीला घरातल्या घरात आणखी एक आडोसा मिळवून देतो. हा फरक कुत्र्याच्या जातीमुळे क्वचितच पडतो. घरातली मोठी माणसे त्या दोघांच्या मैत्रीला कोणते वळण लावतात, यावर तो मुख्यतः अवलंबून असतो, आणि नेमकी हीच बाजू कुत्रा आणणाऱ्या पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

चिंता टिकून कशी राहते

चिंता ही मुळात शरीराची संरक्षणव्यवस्था आहे. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा छोटासा भाग सावध होतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात पसरतात, छाती धडधडू लागते, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात आणि पोटात गोळा येतो. खऱ्या संकटात हीच तयारी जीव वाचवते. चिंताविकार असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र वर्गात नाव पुकारले जाणे, आईने दुसऱ्या खोलीत जाणे, समारंभात नवीन मुले भेटणे अशा साध्या प्रसंगीही धोक्याची घंटा तितक्याच जोराने वाजते. मूल बहाणा करत नसते. त्याचे पोट खरोखरच दुखत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयातील साधारण ४ ते ५ टक्के मुलामुलींना चिंताविकार असतो, म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल असतेच.

या भीतीला खतपाणी मिळते ते टाळाटाळीतून. उभे राहून धडा वाचायची धास्ती घेतलेले मूल त्या दिवशी घरी राहिले की त्याची धडधड काही मिनिटांत थांबते, आणि ती सुटका इतकी गोड असते की मेंदू त्यातून एकच धडा घेतो: आपण गेलो नाही म्हणून वाचलो. गेलो असतो तर थोडा वेळ भीती वाटून ती आपोआप ओसरली असती, हे त्याला कधी अनुभवायलाच मिळत नाही. पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते आणि अधिक जागा व्यापते. आई-वडीलही मायेपोटी या चक्रात ओढले जातात. मुलाच्या वतीने उत्तरे देतात, त्याच्या शेजारी झोपतात, एकाच शंकेचे दहा वेळा समाधान करतात. त्या क्षणी मूल शांत होते, परंतु भीती जिथल्या तिथे राहते.

म्हणूनच लहान मुलांच्या चिंतेवर सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी). विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या या उपचारपद्धतीचा गाभा, ज्याची भीती वाटते त्याला छोट्या छोट्या पायऱ्यांनी सामोरे जाणे हा आहे. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ४८८ मुलांवरील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांच्या अखेरीस केवळ सीबीटी घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली, सीबीटीला औषधाची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांमध्ये, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के मुलांमध्ये. पालकांनी मुलाच्या टाळाटाळीला हातभार लावणे हळूहळू थांबवले, तरीही मूल सुधारते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांसोबत काम करणारी ‘स्पेस’ नावाची पद्धत विकसित केली आणि १२४ मुलांच्या अभ्यासात ती थेट मुलांना दिलेल्या सीबीटीच्या तोडीस तोड ठरली. कुत्र्याविषयी विचार करताना हे सारे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण या उपचाराला पूरक ठरणारा कुत्रा आणि त्याला छेद देणारा कुत्रा वरकरणी सारखाच दिसतो.

कुत्रा नेमके काय करतो

या विषयाची सुरुवात बहुधा बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञापासून सांगितली जाते. त्यांच्याकडे उपचारासाठी आणलेला, कोणातही न मिसळणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच येऊन पोहोचला, तेव्हा लेव्हिन्सन यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीत होता. तो मुलाजवळ गेला, मुलगा त्याच्याशी खेळू लागला आणि पुढच्या भेटींत त्या खेळात हळूहळू लेव्हिन्सन यांनाही शिरकाव मिळाला. १९६२ साली त्यांनी कुत्र्याला सहउपचारक मानणारा लेख प्रसिद्ध केला. या हकिकतीतला महत्त्वाचा भाग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. मुलगा कुत्र्यापाशी थांबला नाही. कुत्र्याच्या निमित्ताने तो माणसापर्यंत आला.

शारीरिक पातळीवर पाहिले तर शांत कुत्र्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवताना श्वास संथ होतो आणि लक्ष मनातल्या भयंकर शक्यतांवरून हाताखालच्या उबेकडे वळते. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारे हेच ते संप्रेरक. त्याखेरीज कुत्रा परीक्षा घेत नाही, अडखळल्यावर हसत नाही, दुसऱ्या मुलाशी तुलना करत नाही, आणि चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या मुलाला ही गोष्ट किती मोलाची वाटते याची कल्पना धीट माणसाला सहज येणार नाही.

फ्लोरिडा विद्यापीठातील डार्लीन केर्टेस आणि सहकाऱ्यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. ७ ते १२ वर्षे वयाच्या १०१ मुलांना परीक्षकांसमोर बोलण्याचे आणि तोंडी गणित करण्याचे काम दिले गेले. काही मुलांसोबत घरचा कुत्रा होता, काहींसोबत पालक होते, तर काही मुले एकटी होती. कुत्रा सोबत असलेल्या मुलांनी सर्वांत कमी ताण जाणवल्याचे सांगितले. परंतु कॉर्टिसॉल मोजल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मुलांनी स्वतःहून कुत्र्याला जवळ बोलावले आणि कुरवाळले, त्यांचे कॉर्टिसॉल कमी होते. जिथे कुत्रा आपणहून मुलाभोवती घुटमळत होता, तिथे ते उलट जास्त आढळले. म्हणजे नुसते कुत्र्याचे असणे पुरेसे नसते, मुलाने पुढाकार घेणे महत्त्वाचे असते. मुलाच्या मांडीवर कुत्रा आणून ठेवण्याचा आग्रह मोठ्यांनी का करू नये, याचे हे चांगले कारण आहे.

एकूण लोकसंख्येतील चित्र मात्र इतके स्पष्ट नाही. २०१५ साली अमेरिकेत ६४३ मुलांच्या पाहणीत घरी कुत्रा असलेल्या मुलांपैकी १२ टक्के मुले चिंतेच्या चाचणीत धोक्याच्या पातळीवर आढळली, तर कुत्रा नसलेल्यांपैकी २१ टक्के. आकडे पाहून हुरळून जाणे सोपे आहे, पण कुत्रा पाळणारी घरे इतरही अनेक बाबतींत वेगळी असतात. तिथे अनेकदा जागा अधिक असते, पैसा अधिक असतो आणि आयुष्य अधिक स्थिर असते. २०१७ साली रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील पाच हजारांहून अधिक घरांची माहिती तपासताना हे फरक हिशेबात धरले, तेव्हा कुत्र्या-मांजरांमुळे मुलांचे मानसिक आरोग्य सुधारते असे दाखवणारा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. केर्टेस यांचा प्रयोग आणि हा निष्कर्ष यांत मला विसंगती दिसत नाही. कुत्रा त्या क्षणीचा ताण हलका करू शकतो, मात्र त्या हलकेपणाचा उपयोग करून मूल पुढे पाऊल टाकते की नाही, हे नुसत्या कुत्रा पाळण्याने ठरत नाही.

आडोसा की आधार

पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला बांधलेला डबा जसा त्याला पाण्यात उतरण्याचे धैर्य देतो, पण योग्य वेळी सोडला नाही तर पोहणे येऊच देत नाही, तसे कुत्र्याचे आहे. ‘मोती असेल तरच मी येईन’ हे वाक्य पहिल्या महिन्यात प्रगतीचे लक्षण असते. वर्षभरानंतरही तेच ऐकू येत असेल तर भीतीने फक्त अट बदललेली असते. म्हणून सुरुवातीपासूनच पालकांनी मनाशी एक पायऱ्यांचा जिना ठरवावा, ज्याच्या मधल्या पायऱ्यांवर कुत्रा असेल आणि वरच्या पायरीवर मूल एकटे उभे असेल.

अनोळखी माणसांशी बोलायला घाबरणारी मुलगी घ्या. कुत्र्याला फिरायला नेताना रस्त्यात लोक थांबतात, त्याचे नाव विचारतात, आणि त्यांचे सारे लक्ष कुत्र्याकडे असल्यामुळे मुलीवर रोखलेल्या नजरा कमी होतात. पहिले काही दिवस तिने नुसते शेजारी उभे राहावे आणि उत्तर आईने द्यावे. पुढे नाव तिने सांगावे. मग वय, मग तो काय खातो, मग स्वतःहून एखादा प्रश्न. हे जमू लागले की शेजारच्या आजींना कुत्र्याविना एकटीने नमस्कार करून येणे ही पुढची पायरी. प्रत्येक पायरीवर भीती थोडी वाटलीच पाहिजे, कारण अजिबात भीती न वाटणाऱ्या पायरीतून मेंदू काही शिकत नाही. मात्र ती इतकी वाटू नये की मूल पळून जाईल. घाई करणाऱ्या पालकांना हे सांगावेसे वाटते की एकाच पायरीवर दोन आठवडे काढणे म्हणजे अपयश नव्हे.

एकटे झोपण्याच्या भीतीचे गणित थोडे वेगळे आहे. आई-वडील मुलाच्या अंथरुणात झोपत असतील, तर त्यांनी तिथून निघावे आणि कुत्र्याचे अंथरूण मुलाच्या खोलीत, खाटेपासून थोडे दूर घालावे. काही आठवड्यांनी ते दाराजवळ सरकवावे आणि नंतर दाराबाहेर. मधल्या काळात मुलाच्या ध्यानात येते की अंधारात ऐकू येणारा श्वास आता लांबून येतो आहे आणि तरीही झोप लागते आहे.

शाळेचे प्रकरण सर्वांत नाजूक. कुत्रा शाळेत जाऊ शकत नाही आणि घरी थांबण्यासाठी मुलाला त्याच्यासारखे दुसरे आकर्षण नसते. ‘मी गेलो तर त्याला वाईट वाटेल’ हे सुंदर, दयाळू वाटणारे वाक्य शाळा टाळण्याचे नवे कारण होऊन बसते, आणि पालक त्या दयाळूपणाचे कौतुक करण्याच्या नादात फसतात. त्यावरचा उपाय म्हणजे निघण्यापूर्वीचे एक छोटे, ठरलेले काम मुलाकडे सोपवणे, उदाहरणार्थ पाण्याचे भांडे भरणे, आणि परतल्यावरच्या फेरीची वेळ पक्की ठेवणे. शाळेच्या वेळात घरी राहिलेल्या मुलाला दिवसभर कुत्र्याशी खेळू देऊ नये. हे कठोर वाटेल, पण शिक्षा म्हणून ते करायचे नाही; शाळेचा वेळ हा शाळेचाच राहील, एवढेच शांतपणे सांगायचे.

भीतीचा झटका आलेल्या मुलाने कुत्र्याजवळ जमिनीवर बसून त्याला कुरवाळणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न बरेच पालक विचारतात. त्याचे उत्तर पुढच्या अर्ध्या तासात मिळते. शांत झाल्यावर मूल ज्या कामावरून उठून आले होते त्या कामाकडे परतत असेल, तर कुत्र्याने मदत केली. परतत नसेल, तर त्याने लपायला जागा दिली. काही दिवस एवढीच नोंद ठेवली तरी पालकांना पुष्कळ काही समजते.

कोणता कुत्रा, आणि कोणत्या घरात नको

येथे एक भेद थोडक्यात सांगायला हवा. विशिष्ट कामांसाठी दीर्घ प्रशिक्षण दिलेला साहाय्यक कुत्रा, रुग्णालये आणि शाळांना भेट देणारा व काम संपल्यावर आपल्या मालकाबरोबर घरी जाणारा उपचारसोबती कुत्रा, आणि घरचा पाळीव कुत्रा हे तीन वेगळे प्रकार आहेत. आपण तिसऱ्याविषयी बोलत आहोत. त्याच्याकडून पहिल्याचे काम करून घेण्याची अपेक्षा ठेवणे त्या प्राण्यावर अन्यायाचे ठरते.

जातीला लोक फार महत्त्व देतात. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले की एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी केवळ सुमारे ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. त्यामुळे चित्रात पाहिलेल्या सोनेरी केसांच्या जातीमागे लागण्यापेक्षा समोरचा प्रत्येक कुत्रा नीट पाहावा. तो अनोळखी मुलाकडे सैल अंगाने आणि स्वतःहून येतो का, भांडे पडल्याच्या आवाजाने दचकल्यावर लवकर सावरतो का, खाताना कोणी जवळून गेले तर ताठरतो का, कोणी लक्ष दिले नाही तरी शांत पडून राहू शकतो का, या गोष्टी त्याच्या वंशावळीहून अधिक सांगतात.

चिंताग्रस्त मुलासाठी पिल्लू आणावे की मोठा कुत्रा, या प्रश्नावर माझे मत बहुतेक वेळा मोठ्या कुत्र्याच्या बाजूने झुकते. पिल्लू गोड असते, पण ते सुईसारख्या दातांनी चावते, रात्री रडते, अंगावर उड्या मारते, आणि सहा महिन्यांनंतर त्याचे स्वतःचे बंडखोर वय सुरू होते. ज्या मुलाला अनपेक्षित गोष्टींचीच धास्ती आहे त्याला ही धांदल जड जाते. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव बराचसा स्थिरावलेला असतो आणि तो आधीच पाहता येतो. पिल्लू आणायचेच असेल तर ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले नसावे, आणि माणसांशी जवळीक होण्याचा जो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, त्यात ते मुलांच्या सहवासात राहिलेले असावे. निराधार कुत्रा दत्तक घेणे हे मोठे पुण्याचे काम आहे; तरीही स्वतःच भेदरलेला कुत्रा या घरासाठी निवडू नये, कारण मुलाला त्या कुत्र्याची काळजी लागून राहते आणि घरात एकाच्या जागी दोन घाबरलेले जीव होतात.

काही घरांनी आत्ता थांबणेच बरे. मूल कुत्र्यालाच घाबरत असेल तर घरात कुत्रा आणून त्याची भीती मोडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे पायऱ्या वगळून थेट गच्चीवरून ढकलणे होय. जंतू, घाण आणि आजार यांच्या विचारांनी पछाडलेल्या, सतत हात धुणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलावे. रागाच्या भरात मूल प्राण्यांना इजा करत असेल, कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, किंवा आई-वडील आधीच थकून गेलेले असतील, तरीही थांबावे. कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो. आज नऊ वर्षांचे असलेले मूल तोवर शिक्षणासाठी घराबाहेर पडलेले असेल. त्यामुळे मुलाने कितीही शपथा घेतल्या तरी कुत्र्याची जबाबदारी मोठ्यांनीच घ्यायची असते. मुलाने एखादे काम चुकवल्यावर ‘मग त्याला परत देऊन टाकू’ अशी धमकी तर कधीही देऊ नये, कारण आधीच जिवलगांना गमावण्याची धास्ती असलेल्या मुलाच्या मनात ती खोलवर रुतून बसते.

कुत्र्याची बाजू

कुत्रा मुलाचा ताण नुसता पाहत नाही, तो त्याला वासावरूनही कळतो. २०२२ साली बेलफास्टमधील संशोधकांनी चार कुत्र्यांना माणसांचे शांत असतानाचे आणि ताण आल्यानंतरचे घाम व श्वासाचे नमुने हुंगायला दिले, तेव्हा त्यांनी ९३ टक्क्यांहून अधिक वेळा ताणाचा नमुना बरोबर ओळखला. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात मालकाच्या केसांतील आणि कुत्र्याच्या केसांतील कॉर्टिसॉलची दीर्घकालीन पातळी एकमेकांशी जुळताना आढळली. याचा सरळ अर्थ असा की रोज रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या किंवा घट्ट बिलगणाऱ्या मुलाची सोबत कुत्र्यालाही महागात पडू शकते. त्याला एक स्वतःची जागा हवी, जिथे तो गेला की त्याला हाक मारायची नाही, ओढायचे नाही आणि मिठीही मारायची नाही. मिठी हा आपला प्रेमाचा प्रकार आहे; बऱ्याच कुत्र्यांना गळ्याभोवती आवळलेले हात म्हणजे अडकवले गेल्यासारखे वाटते.

कुत्रा अस्वस्थ झाला की चावण्याच्या पुष्कळ आधी तो ते सांगत असतो. तो मान वळवतो, भूक नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, शेपूट पोटाखाली घेतो आणि मग एकदम थिजतो. गुरगुरणे ही त्यानंतरची पायरी आहे आणि तिच्यासाठी त्याला रागावू नये, कारण गुरगुरायचे बंद केलेला कुत्रा इशारा न देता चावतो. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात झालेल्या संशोधनातून दिसले आहे की लहान मुले दात दाखवणाऱ्या कुत्र्याला हसरा समजतात. म्हणून ही भाषा मुलांना शिकवावी लागते. चिंताग्रस्त मुलाला ती शिकवण्याचा आणखी एक लाभ आहे: भीती अंगातून कशी व्यक्त होते हे ते दुसऱ्याच्या शरीरात पाहायला शिकते, आणि ‘त्याला आत्ता थोडी जागा हवी आहे’ असे म्हणता म्हणता स्वतःविषयीही तसेच बोलू लागते.

मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत जखमा अनेकदा चेहऱ्यावर व मानेवर होतात. म्हणून लहान मूल आणि कुत्रा यांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये, मग तो कितीही शांत असो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यापासून होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक असतो. कुत्र्याचे लसीकरण पशुवैद्याने सांगितलेल्या वेळी करावे, जंतनाशक औषध द्यावे, आणि चावा बसलाच किंवा खरचटले तरी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हे मुलालाही शांतपणे, एकदाच, नीट सांगून ठेवावे. लपवलेली माहिती चिंताग्रस्त मुलाला सांगितलेल्या माहितीपेक्षा अधिक छळते.

शिकवण्यातून येणारा धीर

कुत्र्याकडून मुलाला मिळणाऱ्या सर्व गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती मुलाने कुत्र्याला काहीतरी शिकवणे. घाबरणाऱ्या मुलाला दिवसभर सूचना मिळत असतात. येथे सूचना ते स्वतः देते आणि समोरचा जीव ती ऐकतो. खाऊच्या छोट्या तुकड्याच्या बक्षिसावर बसणे, थांबणे, हाकेला येणे आणि स्वतःच्या चटईवर जाऊन पडणे एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत. धडा पाच मिनिटांहून लांबवू नये, चुकल्यावर ओरडू नये, मोठे माणूस जवळ असावे. शिकवताना मुलाला आवाज स्पष्ट ठेवावा लागतो, ताठ उभे राहावे लागते आणि कंटाळा आला तरी पुन्हा प्रयत्न करावा लागतो, आणि याच तिन्ही गोष्टी त्याला वर्गात जमत नसतात. वाचताना अडखळणाऱ्या मुलाने कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवणे हाही चांगला उपक्रम आहे. पुढे त्या श्रोत्यांत एक धाकटे भावंड आणि मग एक मित्र बसवता येतो.

कामांची वाटणी वयानुसार करावी. पाच-सहा वर्षांच्या मुलाने भांड्यात खाणे मोजून घालावे, नऊ-दहा वर्षांच्या मुलाने केस विंचरावेत, मोठ्यांसोबत पट्टा धरून फिरायला जावे. रहदारीच्या रस्त्यावर एकट्याने फिरवणे हे कुत्र्याच्या ताकदीवर आणि मुलाच्या समजेवर अवलंबून आहे, वाढदिवसाच्या आकड्यावर नाही.

कुत्रा आजारी पडेल, म्हातारा होईल आणि मुलाच्या हयातीतच मरेल. काळजी करणारे मूल हा प्रश्न लवकरच विचारते, बहुधा रात्री. त्याला खोटा दिलासा देऊ नये. ‘हो, कुत्रे आपल्याहून कमी वर्षे जगतात, आणि ती वेळ येईल तेव्हा आपण सगळे एकत्र असू’ एवढे उत्तर पुरते. तोच प्रश्न रोज आला, तर रोज नवे समाधान शोधत बसू नये. पहिल्या उत्तराची आठवण करून देऊन जे चालले होते त्याकडे वळावे. मृत्यूनंतर ‘तो झोपी गेला’ असे सांगितल्यास लहान मूल झोपेलाच घाबरू लागते.

तीन-चार महिन्यांनी थोडे थांबून हिशेब पाहावा. मूल अधिक हसते का, हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पूर्वी जे करत नव्हते त्यातले ते आता काय करते, आणि त्यातले काय कुत्र्याविना करते, हे विचारावे. शाळा चुकणे चालूच असेल, झोप आणि भूक उडालेली असेल, भीतीचे झटके वाढले असतील, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात आणखी दिवस घालवू नयेत. मूल मरणाविषयी किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर त्याच दिवशी जावे. उपचार आधीपासून चालू असतील तर तज्ज्ञांना कुत्र्याविषयी अवश्य सांगावे, कारण वर सांगितलेला पायऱ्यांचा जिना त्यांच्या मदतीने अधिक नेमका आखता येतो.

आणि सारे करूनही ही जोडी जमली नाही, कुत्रा सतत तणावात राहिला किंवा मुलावर गुरगुरू लागला, तर आधी पशुवैद्याकडून दुखणे-खुपणे तपासून घ्यावे, कारण पुष्कळदा चिडचिडीमागे सांधे, दात किंवा कान यांची वेदना असते. त्यानंतर वर्तन जाणणाऱ्या प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा. तरीही दुसरे घर शोधावे लागले, तर ते मुलाला आधी सांगावे, नवे घर शक्य असल्यास दाखवावे, आणि हे मुलाच्या भित्रेपणामुळे घडले असे घरातल्या कोणाच्याही तोंडून, रागातसुद्धा, निघू देऊ नये. निर्णय मोठ्यांचा होता आणि तो त्या कुत्र्याच्याही भल्याचा होता, हे मुलाने विचारले तितक्या वेळा, त्याच शब्दांत सांगावे.